कुलूपबंद घरांचा हिशेब : नाशिक जिल्ह्याची सरासरी नक्की कुणाची?

गोदाकाठ (धागाकर्ता), शनिवार, रात्री ९:५०

नाशिक जिल्ह्यातल्या आरोग्याचा विषय निघाला की कुणीतरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं (यापुढे एनएफएचएस) जिल्हापत्रक टाकतं आणि चर्चा तिथेच मिटते. एवढे टक्के बाळंतपणं दवाखान्यात, एवढी मुलं खुजी, एवढ्या बायकांच्या अंगात रक्त कमी. मी काही वर्षं अशा पाहण्यांच्या टीममध्ये फिरलोय, आता कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. पत्रकातला आकडा खोटा नसतो, एवढं आधीच सांगतो. माझं भांडण वेगळं आहे.

आपला जिल्हा बघा. पंधरा तालुके, २०११ च्या जनगणनेत ६१ लाख लोक, त्यातले साधारण चौथा हिस्सा आदिवासी. हा चौथा हिस्सा सगळीकडे सारखा पसरलेला नाही. सुरगाणा आणि पेठमध्ये तो नव्वद टक्क्यांच्या वर आहे. निफाड, येवल्याकडे एकदम वेगळं चित्र. एका टोकाला द्राक्षं युरोपला जातात, दुसऱ्या टोकाला भात-नागली झाली की घराला कुलूप लावून माणसं कामाला बाहेर पडतात. या दोघांची बेरीज करून भागाकार केला की जे येतं त्याला आपण 'नाशिक जिल्हा' म्हणतो.

आता नमुना. एनएफएचएस १९९२-९३ ला सुरू झालं, पण जिल्हावार आकडे मिळायला लागले ते २०१५-१६ च्या चौथ्या फेरीपासून. पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशभरात सुमारे ६ लाख ३७ हजार घरं आणि ७०७ जिल्हे होते. म्हणजे जिल्ह्यामागे नऊशे घरं. एका गावात किंवा वॉर्डात बावीस घरं घेतात, म्हणजे जिल्ह्यात चाळीसेक ठिकाणं. सुरगाण्याची लोकसंख्या २०११ ला पावणेदोन लाख, जिल्ह्याच्या तीनेक टक्के. गावं लोकसंख्येच्या प्रमाणात निवडतात, तेव्हा चाळिसातलं सुरगाण्याच्या वाट्याला येतं एखादं गाव. बावीस घरं. नशिबात असलं तर दोन गावं, नसलं तर शून्य.

म्हणूनच जिल्हापत्रकात बालमृत्यूदर सापडत नाही. महाराष्ट्राचा सापडतो: पाचव्या फेरीत हजार जन्मांमागे २३. जिल्ह्याच्या नऊशे घरांत मृत्यू इतके थोडे निघतात की दर काढणं म्हणजे नाणं उडवणं. तालुक्याचं तर नावच नको.

पण नमुना लहान असणं ही त्यातल्या त्यात सोपी अडचण. घरं वाढवली की सुटते. मला छळतो तो दुसरा प्रश्न: पाहणीतून निसटतं कोण? तुमच्या गावाकडचे, कामातले अनुभव लिहा. सैद्धांतिक मतंही चालतील, पण आधी अनुभव.

---

थॉमसन_निफाड, शनिवार, रात्री १०:३५

अनुभव विचारलाय म्हणून लिहितो, नाहीतर मी वाचनमात्रच.

माझी द्राक्षाची बाग आहे. एप्रिलात खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, मग फेलफुटी, डिपिंग, विरळणी, आणि फेब्रुवारी-मार्चात माल खुडायचा. या सगळ्याला माणूस लागतो तो पेठ-सुरगाण्याकडचा. मुकादमाशी बोलणं होतं, उचल दिली जाते, टोळी पिकअपमधून उतरते. बागेच्या कडेला शेडमध्ये राहतात. लेकरंही असतात बरोबर.

एकदा कुठल्यातरी सर्व्हेच्या मुली आल्या होत्या. आमच्या घरी तासभर बसल्या. फ्रीज आहे का, चारचाकी आहे का, बायकोचं रक्त तपासलं, नातवाची उंची मोजली. चहा घेऊन गेल्या. पन्नास पावलांवर शेड होतं, तिकडं कुणी गेलं नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, काका, यादीत तुमचं घर आहे, त्याला नंबर नाही. त्यांचंही बरोबर असेल. पण खुजी पोरं शोधायची होती तर ती शेडात होती, माझ्या ओट्यावर नाही.

---

गोदाकाठ, शनिवार, रात्री ११:१०

थॉमसनकाका, अगदी हेच हवं होतं.

त्यांनी सांगितलं ते नियमाला धरून होतं. आधी एक टीम गावात येऊन घरांचा नकाशा आणि यादी करते. यादीतून बावीस घरं निघतात. नंतर मुलाखतीची टीम येते ती त्याच घरांत जाते. यादी करताना शेड रिकामं असेल किंवा 'गोदाम' म्हणून लिहिलं गेलं असेल, तर विषय संपला. तिकडे पेठच्या पाड्यावर त्याच माणसांचं घर यादीत असतं, पण दाराला कुलूप. टीम पुन्हा पुन्हा जाते, मग 'घरात कोणी नाही' असं लिहून पुढे. बदली घर घ्यायला परवानगी नसते आणि ती नसावीच, नाहीतर टीमा सोयीचीच घरं घेतील.

म्हणजे एकच कुटुंब दोन ठिकाणी निसटतं. पेठला ते घरी नव्हतं म्हणून, निफाडला त्याला घर नव्हतं म्हणून.

शिवाय चौथ्या-पाचव्या दोन्ही फेऱ्यांत गावांची निवड झाली ती २०११ च्या जनगणनेच्या यादीवरून. नाशिकच्या कडेला त्यानंतर ज्या वस्त्या उठल्या त्यांचा पत्ता त्या यादीला नाही.

---

सरळरेषा, रविवार, सकाळी ७:२०

धागा चांगला आहे, पण थोडं थंड डोक्याने बोलू. कोणत्याही पाहणीत काही घरं सुटतातच. सगळ्या थरांतली सुटत असतील तर सरासरीला धक्का लागत नाही. आणि सुधारणा झालीच नाही असा सूर नको. राज्यात दवाखान्यातली बाळंतपणं चौथ्या फेरीत ९०.३ टक्के होती, पाचव्या फेरीत ९४.७. हे कुणी केलं? याच आशा, नर्स, १०८ च्या गाड्यांनी.

---

गोदाकाठ, रविवार, सकाळी ८:०५

सुधारणा मान्य. तुमच्याच दोन फेऱ्यांमधला आणखी एक आकडा घ्या. राज्यातली पाच वर्षांखालची खुजी मुलं: ३४.४ वरून ३५.२ टक्के. देशाचा आकडा त्याच काळात ३८.४ वरून ३५.५ वर उतरला. आपण होतो तिथेच. बाळंतपण दवाखान्यात गेलं, पण त्यानंतरच्या दोन वर्षांत ताटात काय पडलं आणि आई कुठे कामाला होती, हे दवाखान्याच्या हातात नव्हतं.

'सगळ्या थरांतली सुटत असतील तर' हा तुमचा 'तर' फार मोठा आहे. बंगल्यातला माणूस वैतागून नकार देतो, तोही सुटतो, खरंय. पण ग्रामीण भागात कुलूपबंद घर कुणाचं असतं? ज्याच्याकडे दुबार पिकाचं पाणी नाही त्याचं. निसटण्यालाही उत्पन्नगट असतो.

---

मालेगावकर, रविवार, सकाळी ९:४०

नाशिकवाल्यांना जिल्ह्यातली विषमता म्हटलं की सुरगाणा-पेठच दिसतं. मालेगाव पण याच सरासरीत आहे भाऊ. यंत्रमागाच्या गल्लीत एका खोलीत दोन पाळ्यांत झोपणारी माणसं आहेत. तिथली बाळंतपणं, गोवर, टीबी हे वेगळंच प्रकरण. आणि आमचा आकडा 'शहरी' खान्यात जातो, म्हणजे नाशिकच्या सधन कॉलेज रोडबरोबर. असो, धागा ग्रामीण आहे, म्हणून एवढंच.

---

पेठची_आशा, रविवार, दुपारी २:१५

मी आशा कार्यकर्ती आहे, पेठ तालुक्यात. गावाचं नाव लिहीत नाही. मुलीने टाइप करायला मदत केली आहे.

वर दादांनी लिहिलं की घराला कुलूप असतं. आमच्या रजिस्टरला पण तीच अडचण. बाळंतपण दवाखान्यात झालं तर मी घरी सहा वेळा जायचं असतं: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. घरी झालं तर पहिल्या दिवशी पण. वजन घ्यायचं, ताप बघायचा, बाळ दूध ओढतंय का बघायचं. सगळ्या भेटी झाल्या की अडीचशे रुपये. आता बाई पहिलटकरीण असेल तर माहेरी जाते. माहेर दुसऱ्या तालुक्यात. नाहीतर महिन्याचं बाळ घेऊन नवऱ्याबरोबर बागेवर जाते, कारण उचल फिटलेली नसते. माझ्या रजिस्टरला ती 'स्थलांतरित'. बागेच्या गावातल्या आशाच्या रजिस्टरला तिचं नावच नाही. बाळाचं काय झालं ते होळीला परत आल्यावर कळतं.

आणि एक. बाळ गेलं की आशाला, नर्सबाईंना मीटिंगमध्ये उभं करतात. का गेलं, तू कुठे होतीस. मृत्यू लिहिला तर उत्तर द्यावं लागतं, नाही लिहिला तर कुणी विचारत नाही. मी लिहिते. सगळ्याच लिहितात असं मी म्हणणार नाही. जन्मून दोन तासांत गेलं तर 'मेलेलंच जन्मलं' असं लिहायला सोपं पडतं. घरचे पण तसंच सांगतात, नाव ठेवलेलं नसतं, त्यांना परत तो विषय नको असतो.

वयाचं पण सांगते. बाहेरच्या टीमच्या मुलींना आईने सांगितलं 'दीड वरीस', त्यांनी अठरा महिने लिहिलं. पोर एकवीस महिन्यांचं होतं, मला माहीत. आम्ही विचारतो, डोंगऱ्या देवाच्या सणाआधी झालं का नंतर? आवणीच्या (भातलावणीच्या) वेळी पोटात होतं का पाठीवर? बोहाड्याच्या उत्सवाला बसत होतं का? मग महिना बरोबर सापडतो.

---

वाचनमात्र, रविवार, दुपारी २:४०

ताईंचा प्रतिसाद आला आणि धाग्याचं सार्थक झालं. वाचनखूण साठवली.

---

बिनपाटीचा_डॉक्टर, रविवार, दुपारी ४:३०

बंधपत्राची सेवा जिल्ह्यातल्या आदिवासी भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात केली. ताईंचं म्हणणं शब्दशः खरं आहे. त्यात दोन भर.

पहिली, नोंदणी. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. मृत्यू जिथे घडला तिथे नोंदवायचा, माणूस कुठला हे नंतर. सुरगाण्याचं कमी वजनाचं बाळ सिव्हिलला पाठवलं आणि तिथे गेलं, तर ते नाशिक शहराच्या वहीत जातं. पत्त्याचा रकाना असतो, पण पत्त्यावरून तालुक्याचा आकडा बनवायची तसदी क्वचित घेतली जाते. पश्चिमेकडची गावं तर उपचाराला धरमपूर, वांसद्याला जातात, कारण तो रस्ता जवळचा. तिकडे झालेला मृत्यू गुजरातच्या वहीत. २०२२ च्या डिसेंबरात सीमेवरच्या गावांनी आम्हाला गुजरातेत घाला म्हणून आवाज उठवला होता, तेव्हा सगळे दचकले. रुग्ण आधीपासून जातच होते.

दुसरी, वयाचा मुद्दा. खुजेपणा ठरतो तो वयाच्या मानाने उंचीवर. एकवीस महिन्यांचं मूल अठराचं धरलं की त्याची उंची बरी वाटायला लागते आणि ते यादीतून सुटतं. उलटंही होतं. ज्या घरात जन्मदाखला नाही त्या घराच्या आकड्यात ही गडबड जास्त. मोठ्यांचं वय तर विचारूच नका, चाळीस, पंचेचाळीस, पन्नास. सत्तेचाळीस कोणी नसतोच.

---

सरळरेषा, रविवार, सायं. ६:००

बरं, नोंदी कच्च्या आहेत हे पटलं. पण मग गरीब-श्रीमंत तुलना करणारे शोधनिबंध निघतात ते कशावर? त्यात संपत्तीचे पाच गट असतातच की. सगळं टाकाऊ म्हणायचं का?

---

गोदाकाठ, रविवार, रात्री ९:१५

टाकाऊ मुळीच नाही. त्या निबंधांनीच दाखवलं की चौथ्या फेरीत पाच वर्षांखालच्या मुलांचा मृत्यूदर आदिवासींत हजारामागे ५७ होता आणि 'इतर' गटात ३८ च्या आसपास. ही दरी देशपातळीवर पक्की आहे, तिथे नमुना पुरेसा मोठा आहे.

पण पाच गट कसे बनतात ते बघा. उत्पन्न विचारत नाहीत, कारण शेतकऱ्याला ते सांगता येत नाही आणि नोकरदार सांगत नाही. त्याऐवजी घरात काय आहे ते विचारतात: भिंत, छप्पर, संडास, पंखा, फ्रीज, मोबाइल, दुचाकी, जमीन, जनावरं. मग गणिताने प्रत्येक वस्तूला वजन दिलं जातं. जी वस्तू बाकीच्या वस्तूंच्या जोडीने सापडते तिला जास्त वजन. फ्रीज, टीव्ही, मोटारसायकल एकमेकांबरोबर येतात. बैलजोडी मात्र फ्रीजबरोबर येत नाही, म्हणून तिचं वजन नगण्य, कधी कधी उणेसुद्धा. पाड्यावर जाऊन विचारा, बैलजोडी आणि कसायला वनपट्टा असलेलं घर आणि बारा महिने दुसऱ्याच्या बांधावर राबणारं घर यांत काय फरक आहे. गाव सांगेल. निर्देशांक दोघांना तळाच्या गटात एकत्र बसवतो.

म्हणजे निफाड आणि सुरगाणा यांच्यातली विषमता दिसते, सुरगाण्याच्या आतली दिसत नाही. आणि बाळ कुणाचं जातं, हे ठरतं ते बऱ्याचदा त्या आतल्या फरकावर.

अजून एक गंमत. "गेल्या पंधरवड्यात कोणी आजारी होतं का" असं विचारलं की केरळात आजारी माणसं जास्त निघतात, बिहारमध्ये कमी. अमर्त्य सेन यांनी २००२ मध्ये यावर नेमकं बोट ठेवलं होतं. दवाखाना जवळ असेल, शिक्षण असेल तर माणूस आजाराला आजार म्हणतो. ज्या बाईने आयुष्यभर थकवाच पाहिलाय ती 'बरी हाय' म्हणते. पाड्यावरच्या तक्रारी कमी दिसल्या तर आनंद मानू नका.

---

थॉमसन_निफाड, रविवार, रात्री ९:५०

मग उपाय काय? आणखी एक सर्व्हे?

---

बिनपाटीचा_डॉक्टर, रविवार, रात्री १०:४०

सर्व्हे हा फोटो आहे. पाहिजे ती कायमची नजर. छोटा भाग घ्यायचा, त्यातला प्रत्येक माणूस नोंदवायचा आणि वर्षानुवर्षं त्याचा जन्म, मृत्यू, येणं-जाणं टिपत राहायचं. बांगलादेशात मतलब नावाच्या भागात हे साठच्या दशकापासून चालू आहे. आपल्याकडे पुण्याजवळ वढूला केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राची अशी व्यवस्था आहे. तिथे माणूस गाव सोडून गेला तर तो 'गेला' ही स्वतंत्र नोंद असते, परत आला तर 'आला'. कुलूप हीच माहिती होते.

आणि अर्थातच गडचिरोली. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ साली 'सर्च' ही संस्था काढली तेव्हा आधी घरोघरचे जन्म-मृत्यू मोजायची व्यवस्था उभी केली, औषध नंतर. म्हणूनच १९९९ साली ते जगाला दाखवू शकले की गावातल्याच प्रशिक्षित बायांनी घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेतली तर त्या ३९ गावांत नवजात मृत्यू, तुलनेच्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी उतरतात. ताई तिसऱ्या-सातव्या दिवशी घरी जातात ती पद्धत तिथूनच देशभर गेली. फरक इतकाच की तिथे मृत्यू सापडला तर पुढचा प्रश्न 'काय कमी पडलं' असा असतो. इथे 'कुणाचं चुकलं' असा.

---

गोदाकाठ, सोमवार, सकाळी ७:३०

डॉक्टरांना जोडून एक स्वस्तातली युक्ती, जी आपल्याच देशात जन्मली. १९४९ साली चंद्रशेखरन आणि डेमिंग या संख्याशास्त्रज्ञांनी बंगालमधल्या सिंगूरच्या नोंदींवर मांडली. दोन वेगवेगळ्या माणसांनी, एकमेकांना न विचारता, एकाच भागातल्या घटना लिहायच्या. मग याद्या ताडायच्या.

समजा एका यादीत ४० मृत्यू, दुसरीत ३०, आणि दोन्हींत सामाईक २४. दुसरीने पकडलेल्या ३० पैकी २४ पहिलीनेही पकडले, म्हणजे पहिलीची पकड ८० टक्के. तिच्याकडे ४० आहेत, तर एकूण असावेत ५०. दोन्ही याद्या मिळून सापडले ४६. म्हणजे चार मृत्यू दोघींच्याही हातून सुटले, आणि ते सुटले हे आपल्याला कळतं. देशाचे जन्म-मृत्यूदर काढणारी नमुना नोंदणी पद्धत अशाच दुहेरी तपासणीवर उभी आहे.

आपल्याकडे दर गावात अशा दोन याद्या आयत्या आहेत. आशाताईंची एक, अंगणवाडी सेविकेची दुसरी. एक पैसा जादा न घालता तालुक्याचा खरा बालमृत्यूदर काढता येईल असं मी वर्गात दर वर्षी सांगतो.

---

पेठची_आशा, सोमवार, दुपारी १२:५०

दादा, तुमचं गणित मुलीने समजावून सांगितलं, छान आहे. पण आमच्या याद्या दोन नाहीत. मीटिंगच्या आदल्या दिवशी मी आणि सेविकाताई बसतो आणि रजिस्टर जुळवून घेतो. तिच्यात एक जास्त, माझ्यात एक कमी असं निघालं की दोघींना बोलणी बसतात. मग एक आकडा ठरवतो आणि दोघी तोच लिहितो.

---

सरळरेषा, सोमवार, दुपारी १:०५

😐 संख्याशास्त्राचा एवढा नेमका पराभव मी पाहिला नव्हता.

---

गोदाकाठ, सोमवार, दुपारी १:४०

ताई, वर्गातलं ते वाक्य यंदापासून तुमचा प्रतिसाद वाचून दाखवल्यावरच म्हणणार.

ही पद्धत उभी असते ती दोन याद्या स्वतंत्र असण्यावर. जुळवल्या की सामाईक आकडा शंभर टक्के आणि सुटलेले शून्य. कागद एकदम चोख. वर बसलेल्या साहेबाला वाटतं इथे नोंद उत्तम आहे. विसंगती दिसली की रागवायचं, ही सवय मोडल्याशिवाय कुठलंही ॲप आणून फरक पडणार नाही. उलट ज्या गावाच्या दोन याद्यांत थोडा फरक आहे तिथलं काम प्रामाणिक समजायला हवं आणि ज्यांच्या तंतोतंत जुळतात तिथे जाऊन बघायला हवं.

---

मालेगावकर, सोमवार, दुपारी ३:२०

आणि गाववाल्यांना परत काय मिळतं? माप घेऊन जातात, रिपोर्ट दिल्लीत निघतो. ज्या पोराचं वजन घेतलं त्याच्या आईला कळलं का पुढे काय झालं?

---

बिनपाटीचा_डॉक्टर, सोमवार, सायं. ५:१०

रक्त आणि रक्तदाबाचा निकाल मोठ्या पाहण्यांत जागच्या जागी कागदावर देतात, फार कमी असेल तर दवाखान्यात जायला सांगतात. गावाचा म्हणून आकडा मात्र गावाला मिळत नाही, गोपनीयतेमुळे देताही येत नाही. ग्रामसभेत वाचता येईल असा आकडा हवा असेल तर तो गावानेच मोजायला हवा. आरोग्य, पोषण आणि पाणी-स्वच्छता समिती कागदावर दर गावात आहे.

---

थॉमसन_निफाड, सोमवार, रात्री ८:४५

शेवटचा व्यवहारी प्रश्न. पुढची जनगणना फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे म्हणतात. तेव्हा आमच्याकडे माल काढणी जोरात. सिंहस्थाच्या कामांमुळे शहरातही मजूर भरलेले असतील. प्रगणक आला तर शेडमधल्या माणसांना इथं लिहायचं का पेठला?

---

गोदाकाठ, सोमवार, रात्री ९:३०

२०११ चा नियम सांगतो. गणना ९ ते २८ फेब्रुवारी होती. त्या काळात एखादा दिवस जरी माणूस आपल्या नेहमीच्या घरी असणार असेल तर त्याला तिथे मोजायचं. पूर्ण काळ बाहेर असेल तर जिथे सापडेल तिथे. म्हणजे मधे एखादा दिवस गावी जाऊन येणारा पेठचा, सलग बागेत राहणारा निफाडचा. प्रगणकाला ते कळायचं तर त्याने शेडापर्यंत जायला हवं, आणि तिथल्या माणसाला विचारायला हवं, मालकाला नाही.

---

थॉमसन_निफाड, सोमवार, रात्री ९:४०

मी नेतो त्याला शेडापर्यंत. ताई, तुमच्या गावची टोळी कुठल्या गावात उतरते ते मला व्यक्तिगत निरोपात कळवाल का? आमच्याकडच्या आशाताईंना महिन्याच्या बाळांची नावं आधीच देऊन ठेवता येतील.

---

पेठची_आशा, सोमवार, रात्री १०:०५

कळवते काका. यंदा तीन बाया जाणार आहेत, दोघींचं दिवाळीच्या आसपास भरतंय.